मारायचे का, केव्हा आणि कुठे : व्हिडिओ गेममधले बेसबॉल शिकताना

बोस्टनच्या पश्चिमेला असलेल्या श्रूजबरी गावात आम्ही राहतो. माझा तेरा वर्षांचा मुलगा गावाच्या लीगमध्ये बेसबॉल खेळतो आणि त्याला सरावाला नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे आहे. मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून मी त्याचे तीन हंगाम पाहिले. बॅटरपुढच्या 'स्ट्राइक झोन' नावाच्या काल्पनिक चौकटीबाहेरचा चेंडू सोडला की तो 'बॉल', चौकटीतला सोडला किंवा मारायला जाऊन हुकला की 'स्ट्राइक'; चार बॉल झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या ठाण्यावर, जातो, तीन स्ट्राइक झाले की बाद होतो, हे सगळे नियम मला पाठ झाले होते. पण परतीच्या वाटेवर तो गाडीत "आई, आज मी चेंजअपला फसलो" असे म्हणाला की त्या फसण्यात नेमके काय घडले असेल, याची मला काहीच कल्पना करता येत नसे. गेल्या हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली गेली, तेव्हा मी त्याला म्हटले की तू तो 'एमएलबी द शो' नावाचा गेम खेळतोस, तो मला शिकव. बॅटरला काय दिसते आणि त्याला किती वेळ मिळतो, हे मला स्वतःच्या हातांनी कळून घ्यायचे होते.

हा गेम सोनीच्या सॅन डिएगो स्टुडिओचा. २००६ पासून तो दरवर्षी नव्या रूपात येतो आणि २०२१ पासून प्लेस्टेशनखेरीज इतर कन्सोलवरही मिळू लागला आहे. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे, म्हणजे एमएलबीचे, खरे संघ, खरे खेळाडू आणि खरी मैदाने त्यात आहेत. आमच्या बोस्टनचे फेनवे पार्क आणि त्याच्या डाव्या बाजूची ३७ फूट उंचीची हिरवी भिंत पडद्यावर जशीच्या तशी उभी राहिलेली पाहून मला फार आनंद झाला. त्या आनंदात मी कंट्रोलर हाती घेतला आणि पहिल्या संध्याकाळी नऊ इनिंगमध्ये एकही हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, न मिळवता सामना हरले.

बटणे समजायला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर फुलीचे बटण दाबले की साधा स्विंग होतो, वर्तुळाचे दाबले की कॉन्टॅक्ट स्विंग होतो आणि चौकोनाचे दाबले की पॉवर स्विंग होतो. त्रिकोणाच्या बटणाने बंट करता येतो, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू पुढ्यात मंद सोडता येतो. डाव्या अंगठ्याखाली असते ती स्टिक. या स्टिकचे काम मात्र तुम्ही बॅटिंगची कोणती पद्धत निवडली आहे त्यावर अवलंबून असते, आणि माझा पहिला गोंधळ तिथेच झाला.

गेममध्ये बॅटिंगच्या मुख्य तीन पद्धती आहेत. 'टायमिंग' या पद्धतीत तुम्ही फक्त बटण योग्य क्षणी दाबायचे. बॅट कुठे जाईल ते गेम बघतो. 'डायरेक्शनल' मध्ये स्टिकने तुम्ही चेंडू डावीकडे, उजवीकडे, उंच की जमिनीलगत मारू पाहता, एवढा कल सांगायचा. प्रत्यक्ष काय होईल ते तुमच्या वेळेवर आणि त्या खेळाडूच्या गुणांवर ठरते. 'झोन' ही तिसरी पद्धत सर्वांत अवघड आहे. तिच्यात होम प्लेटवर, म्हणजे बॅटरजवळच्या पांढऱ्या पाटीवर, एक छोटी खूण दिसते, जिला प्लेट कव्हरेज इंडिकेटर, थोडक्यात पीसीआय म्हणतात. स्टिक जिकडे लोटाल तिकडे ही खूण सरकते, आणि चेंडू जिथून जाणार असेल तिथे तुम्ही तिला वेळेत नेऊन ठेवायचे असते. मी कुठलाही विचार न करता झोन निवडली होती, पण स्टिकचा अर्थ डायरेक्शनलचा धरला होता. चेंडू डावीकडे मारायचा म्हणून मी स्टिक डावीकडे दाबत होते आणि त्यामुळे माझी खूण स्ट्राइक झोनच्या डाव्या टोकाला जाऊन बसत होती, चेंडू मात्र उजवीकडून निघून जात होता. मुलाने चार चेंडू पाहिले आणि म्हणाला, "आई, ती स्टिक फटक्याची दिशा सांगायला नाहीये. चेंडू कुठे येतोय ते सांगायला आहे." हे वाक्य मला त्या वेळी नुसते ऐकू आले, त्याचा अर्थ उतरायला पुढचे काही आठवडे लागले.

त्याच्या सांगण्यावरून मी दोन आठवडे टायमिंगवर खेळले, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने हेच करावे असे माझे ठाम मत आहे. यात कमीपणा काहीच नाही. बॅटिंगमध्ये तीन वेगळे प्रश्न असतात: हा चेंडू मारायचा का, केव्हा मारायचा, आणि कुठे मारायचा. नवखा माणूस हे तिन्ही एकाच झटक्यात सोडवू पाहतो, मग चुकल्यावर यांपैकी काय चुकले तेच त्याला कळत नाही. टायमिंग पद्धतीत 'कुठे' हा प्रश्न गेम स्वतःकडे घेतो आणि आपल्याला उरलेल्या दोहोंकडे लक्ष देता येते. स्विंगनंतर पडद्याच्या कोपऱ्यात निकाल उमटतो: स्विंग लवकर झाला, फार लवकर, उशिरा, फार उशिरा, की चांगला. माझ्या वाट्याला जवळजवळ प्रत्येक वेळी 'फार उशिरा' येत होते.

आता थोडे आकड्यांकडे वळते, कारण त्यांच्याशिवाय पुढची गोष्ट सांगता येणार नाही. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, उंचवट्यावरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. ते क्रिकेटच्या २२ यार्डांच्या खेळपट्टीहून कमी आहे. त्यातही पिचर पुढे पाऊल टाकून चेंडू सोडतो, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात सुमारे ५५ फुटांचाच प्रवास करायचा असतो. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल तेवढे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. गेम सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल, तर हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत त्या चेंडूची अवघी चोवीस चित्रे आपल्या डोळ्यांसमोरून जातात. या चोवीस चित्रांत चेंडू ओळखायचा, खूण हलवायची आणि बटण दाबायचे.

मला वाटत होते की माझे वय झाले आहे. पंचेचाळिशी उलटल्यावर बोटे मुलांसारखी चालणार नाहीत, असे मी मनाशी मान्यही करून टाकले होते. एका शनिवारी दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर घरच्यांचा सिनेमा चालू होता, म्हणून मी कन्सोल उचलून मुलाच्या खोलीत नेला आणि त्याच्या अभ्यासाच्या टेबलावरच्या मॉनिटरला जोडला. पहिल्याच चेंडूवर कोपऱ्यात 'लवकर' असे उमटले, दुसऱ्यावर 'चांगला', तिसऱ्यावर पुन्हा 'चांगला', आणि चौथा चेंडू सरळ मधल्या मैदानात जाऊन पडला. मी तीच होते, बोटेही तीच होती. बदलला होता तो फक्त पडदा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिले, तेव्हा कारण सापडले. हल्लीचे टीव्ही आलेले चित्र तसेच दाखवत नाहीत. ते त्यातले नको असलेले ठिपके काढतात, रंग उजळवतात, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधले नवे चित्र स्वतः तयार करून घालतात. ते मधले चित्र बनवायचे तर पुढचे चित्र हाती येईपर्यंत थांबावे लागते, आणि हा सगळा वेळ आपल्याला दिसणाऱ्या चित्रात उशीर म्हणून साठत जातो. हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका असेल, तर ६० चित्रांच्या हिशेबाने आपण सहा चित्रे मागचे जग पाहत असतो. चोवीसांतली सहा चित्रे म्हणजे चेंडूचा पाव प्रवास आपल्याला दिसण्याआधीच झालेला असतो. सिनेमा पाहताना याने काही बिघडत नाही, कारण आवाजही तितकाच मागे ठेवलेला असतो. बॅटिंगमध्ये मात्र सारे बिघडते. टीव्हीत 'गेम मोड' नावाची सोय असते. ती चालू केली की बहुतेक प्रक्रिया बंद होतात आणि चित्र पुष्कळच लवकर पोचते. आम्ही ती चालू केली आणि माझे 'फार उशिरा' त्याच दिवशी संपले. माझ्यासारख्या उशिरा शिकायला बसलेल्या प्रत्येक आईला, मावशीला, काकांना माझी कळकळीची विनंती आहे की स्वतःला दोष देण्याआधी टीव्हीचे सेटिंग पाहून घ्यावे. मी तीन आठवडे स्वतःच्या बोटांवर अन्याय केला.

त्याच बैठकीत आम्ही कॅमेराही बदलला. सुरुवातीला मी टीव्हीवरच्या प्रक्षेपणासारखे दूरचे दृश्य घेऊन खेळत होते, कारण त्यात मैदान सुंदर दिसते. 'स्ट्राइक झोन' नावाचे दृश्य बॅटरच्या मागून आणि अगदी जवळून दिसते. त्यात मैदान फारसे दिसत नाही, पण पिचरचा हात मोठा दिसतो आणि चेंडू उंच आहे की खाली, हे पुष्कळ आधी कळते.

यानंतर मी झोन पद्धतीकडे परत आले, आणि खरे शिक्षण तेव्हा सुरू झाले. ती खूण नीट पाहिली की तिचे दोन भाग दिसतात. आतल्या छोट्या भागात चेंडू आला तर फटका खणखणीत बसतो. बाहेरच्या भागात आला तर चेंडूला बॅट लागते, पण फटक्यात जीव नसतो. खेळाडू जितका चांगला तितकी त्याची खूण मोठी, आणि खेळाची काठिण्यपातळी जितकी वरची तितकी ती लहान. कॉन्टॅक्ट स्विंग निवडला की ती पसरते पण फटक्याचा जोर उतरतो. पॉवर स्विंग निवडला की जोर वाढतो पण ती आक्रसते. सुरुवातीला मी चौकोनाचे बटण सोडतच नव्हते. होम रन मारायचा तर जोर लावायलाच हवा, हा माझा साधा हिशेब होता. प्रत्यक्षात वेळ आणि जागा दोन्ही जुळली तर साध्या स्विंगनेही चेंडू भिंतीपार जातो, आणि ती जुळली नाही तर पॉवर स्विंगने चेंडू पुढ्यातल्या पुढ्यात उंच उडून झेल होतो. महिन्याभराने मी चौकोनाचे बटण जवळजवळ सोडून दिले आणि माझे हिट वाढले.

खूण चेंडूच्या नेमकी कुठे होती, याला फार अर्थ असतो. ती चेंडूच्या वर राहिली तर बॅट चेंडूच्या माथ्यावर बसते आणि तो जमिनीलगत घरंगळतो. ती फार खाली राहिली तर चेंडू आभाळात जातो. वेळेचेही तसेच आहे. उजव्या हाताच्या बॅटरने स्विंग लवकर केला तर चेंडू डावीकडे ओढला जातो, उशिरा केला तर उजवीकडे जातो. म्हणजे चेंडू जिथे जाऊन पडला तिथूनच आपली चूक वाचता येते. शिवाय स्विंगनंतर गेम चेंडू कुठून गेला आणि तुमची खूण कुठे होती, हे दोन्ही एकाच चौकटीत दाखवतो. आधी मी ती चौकट पाहतच नव्हते, चिडून पुढच्या चेंडूला तयार होत होते. मुलाने एका संध्याकाळी नियम घालून दिला की चौकट पाहून चूक मोठ्याने सांगितल्याशिवाय पुढचा चेंडू खेळायचा नाही. "वेळ बरोबर, खूण खाली." "खूण बरोबर, उशिरा." "दोन्ही बरोबर, पण झेल गेला." असे मी दिवाणखान्यात एकटीच बोलत बसू लागले. पण त्या बोलण्यानेच तिन्ही प्रश्न माझ्या मनात वेगळे झाले.

अंगठ्याबद्दलही सांगायला हवे. स्टिक सोडली की ती मधोमध परत येते आणि तिच्याबरोबर खूणही. मी स्टिक कडेपर्यंत दाबत होते, त्यामुळे खूण झोनच्या टोकाला पोचत असे; चेंडू मात्र बहुतेक वेळा मध्य आणि टोक यांच्या दरम्यान कुठेतरी येतो. पोहे परतताना जसा उलथन्यावर जोर देत नाही, तसा अंगठा स्टिकवर हलका ठेवायचा आणि पाव-अर्धा इतकीच ती कलवायची, हे हाताला वळण लागायला बरेच दिवस गेले. गेममध्ये अँकर नावाची सोय आहे. उजव्या स्टिकच्या मदतीने खूण आधीच झोनच्या एखाद्या भागाकडे झुकवून ठेवता येते. मी ती वरच्या आतल्या, म्हणजे बॅटरच्या अंगाजवळच्या, भागासाठी वापरते, कारण वेगवान चेंडू अंगावर वर आला की अंगठ्याला तिथे पोचायला वेळ पुरत नाही. बाकीच्या चेंडूंसाठी मध्यापासून सुरुवात केलेली मला अधिक मानवते.

केव्हा आणि कुठे यांची उत्तरे अशी हळूहळू येऊ लागली, तरी माझे आउट होणे काही थांबेना. एका सामन्यात मला सत्तावीस आउटपैकी चौदा स्ट्राइकआउट मिळाले. मुलाने तो सामना शेजारी बसून पाहिला आणि शेवटी शांतपणे म्हणाला, "आई, तू चेंडू सुटायच्या आधीच ठरवतेस की मारायचाय."

ते खरे होते, आणि त्याचे मूळ मला साताऱ्यातल्या माझ्या लहानपणात सापडले. आमच्या आळीत आम्ही रबरी चेंडूने क्रिकेट खेळत असू, आणि एक टप्पी आउटचा नियम होता. दादा गोलंदाजी करायचा. तिथे चेंडू सोडणे म्हणजे पाळी वाया घालवणे, कारण अंधार पडायच्या आत प्रत्येकाला बॅट मिळायला हवी असे. शिवाय टप्प्यावर पडलेला चेंडू पाहून फटका ठरवायची सवय माझ्या डोळ्यांना लागली होती. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही. टप्प्याच्या जागी पिचरचा हात पाहायचा, चेंडू सुटतो ती जागा आणि त्यानंतरची पहिली काही चित्रे, एवढीच माहिती मिळते. आणि इथे सोडलेल्या चेंडूची किंमत मोजली जाते: झोनबाहेरचे चार चेंडू सोडले की पहिला बेस मिळतो. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्या सलामीवीराचे कौतुक होते, पण त्याच्या नावावर धाव जमा होत नाही. बेसबॉलमध्ये त्या संयमाची नोंद फलकावर होते, आणि मला ही गोष्ट या खेळातली सर्वांत सुंदर वाटते.

बोस्टनमध्ये राहणाऱ्याला रेड सॉक्स संघाचा बॅटर टेड विल्यम्स याचे नाव टाळता येत नाही. त्याने १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी राखली, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या दर हजार पाळ्यांमागे ४०६ हिट, आणि त्यानंतर मेजर लीगच्या अमेरिकन व नॅशनल या दोन्ही लीगमध्ये कोणीही पूर्ण हंगामात .४०० गाठलेले नाही. त्याने स्ट्राइक झोनमध्ये ७७ चेंडू मावतात असे धरून प्रत्येक जागेवर आपण किती सरासरीने मारू, याचा तक्ता मांडला होता. मधल्या उंचीच्या आवडत्या जागी .४००, आणि बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .२३०. फलंदाज तोच असला तरी तो कोणत्या चेंडूला हात घालतो यावर त्याची सरासरी जवळपास निम्म्यावर येते, हे त्या तक्त्यातून दिसते. मुलाच्या प्रशिक्षकांनी तो तक्ता मुलांना दाखवला होता. मी तो पाहिला आणि गेममधल्या 'कस्टम प्रॅक्टिस' या सरावाच्या भागात बसून स्वतःचा तसा कच्चा तक्ता केला: झोनचे नऊ भाग पाडले, प्रत्येक भागात आलेले चेंडू आणि त्यांवर बसलेले चांगले फटके वहीत मांडले. तीन संध्याकाळी लागल्या. माझी आवडती जागा मध्यभागी आणि किंचित आतल्या बाजूला निघाली, आणि बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात माझे चांगले फटके नावालाच होते. तेव्हापासून दोन स्ट्राइक होईपर्यंत मी त्या कोपऱ्याकडे पाहतही नाही.

चेंडू ओळखायचा कसा, याची मी केलेली उजळणी सांगते. प्रॅक्टिसमध्ये पिचर आणि चेंडूचे प्रकार निवडता येतात. मी एका उजव्या पिचरचे फक्त दोन चेंडू लावले, फास्टबॉल आणि चेंजअप. चेंजअपची हाताची हालचाल हुबेहूब फास्टबॉलसारखी असते, वेग मात्र ताशी दहाएक मैलांनी कमी. हिशेब केला तर प्लेटपर्यंत पोचताना दोघांत तीन चित्रांचाच फरक पडतो, आणि गाडीत मुलगा ज्या फसण्याबद्दल बोलत असे ते हेच. पहिल्या दिवशी मी एकदाही स्विंग न करता पन्नास चेंडू नुसते पाहिले आणि प्रत्येक चेंडू प्लेटपर्यंत पोचायच्या आत त्याचे नाव मोठ्याने उच्चारले. सुरुवातीला निम्मी नावे चुकत होती. मग कर्व्हबॉल मिसळला. तो ओळखायला सोपा, कारण हातातून सुटताना तो किंचित वर उचललेला दिसतो. स्लायडर सर्वांत कपटी. उजव्या पिचरचा स्लायडर उजव्या बॅटरला झोनमध्ये येतोय असा भास देतो आणि शेवटच्या क्षणी बाहेर खाली सरकतो. सिंकर त्याच्या उलट, आत आणि खाली बुडतो.

यातून माझ्या लक्षात आले की पाहून मग ठरवायला इथे वेळच नसतो. प्रत्येक चेंडू मारायचाच आहे असे धरून तयार राहायचे, वेळ फास्टबॉलची पकडायची, आणि ओळख पटली की हात मागे घ्यायचा. हळू चेंडूसाठी थांबणे शक्य असते, वेगवान चेंडूसाठी घाई करणे शक्य नसते. हे मी मुलाला सांगितले तेव्हा तो म्हणाला की त्याचे प्रशिक्षक रोज हेच सांगतात: हो, हो, हो, आणि मग नाही.

फेब्रुवारीतल्या एका रात्रीची एक पाळी मला चेंडूनिशी आठवते. सहावी इनिंग होती, समोर उजवा पिचर, माझा बॅटरही उजवा. पहिला फास्टबॉल बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात आला आणि मी तो वहीप्रमाणे सोडला, स्ट्राइक. दुसरा हातातून वर उचलला गेला, मी मनात 'कर्व्ह' म्हटले, तो मातीत पडला, बॉल. तिसरा फास्टबॉल आत वर आला, खूण पोचली पण हात उशिरा गेला आणि चेंडू मागच्या जाळीवर आदळला. एक बॉल, दोन स्ट्राइक. आता मी अंगठा फुलीवरून वर्तुळावर नेला, म्हणजे कॉन्टॅक्ट स्विंग. दोन स्ट्राइकनंतर मला जोराची हाव नसते, चेंडूला स्पर्श हवा असतो, कारण फाउल गेलेल्या, म्हणजे बॅट लागून रेषांबाहेर गेलेल्या, चेंडूवर तिसरा स्ट्राइक लागत नाही. चौथा स्लायडर काठावर होता, खूण ताणून फाउल केला. पाचवा तोच स्लायडर, एक चेंडूभर आणखी बाहेर. अंगठा बटणावर टेकला होता, दाबला गेला नाही. दोन बॉल, दोन स्ट्राइक. सहावा चेंजअप होता, मी फसले, स्विंग लवकर झाला, पण मोठ्या खुणेने सांभाळले आणि चेंडू डाव्या रेषेबाहेर फाउल गेला. सातवा फास्टबॉल छातीच्या वरून गेला, सोडला. तीन बॉल, दोन स्ट्राइक. आठवा चेंडू मधोमध निघाला. पहिल्या चित्रांत तो मारण्याजोगाच दिसत होता, आणि मग मला त्याचे बाहेर झुकणे दिसले. ते मी विचार करून ओळखले असे म्हणता येणार नाही, अंगठाच थांबला. चेंडू प्लेटच्या बाहेरून खाली गेला आणि माझा बॅटर बॅट खाली टाकून पहिल्या बेसकडे चालू लागला.

मुलगा मागे दारात पाणी पीत उभा होता. हिट नव्हता, धाव नव्हती, पण तो धावत आला आणि म्हणाला, "आई, तो स्लायडर तू बघितलास?" मी म्हटले, बघितला रे. त्या सामन्यात मी हरलेच. पण माझे स्ट्राइकआउट चौदावरून पाचवर आले होते आणि त्याचे मला मनापासून समाधान वाटले.

मग मी गेमच्या रूकी या सोप्या पातळीवरून व्हेटरन या वरच्या पातळीवर गेले. तिथे चेंडू अधिक वेगाने येतो, खूण लहान होते आणि पिचर कोपऱ्यांवर अधिक अचूक टाकतो. पहिल्या आठवड्यात जुनी चूक परतली, मी पुन्हा आधीच ठरवू लागले; तेव्हा परत पन्नास चेंडू न मारता पाहण्यापासून सुरुवात केली. आत येणाऱ्या चेंडूवर हात थोडा आधी निघायला हवा आणि बाहेरच्या चेंडूवर तो थोडा थांबायला हवा, हे या पातळीवर नीट कळले, कारण इथे गेम ढिलाई खपवून घेत नाही. पिचर कोणता चेंडू टाकेल याचा आधीच अंदाज बांधण्याची 'गेस पिच' ही सोयही मी थोडे दिवस वापरून पाहिली. अंदाज चुकला की माझे लक्ष चेंडूवरून उडत असे, म्हणून ती बंद ठेवली आहे. उजव्या स्टिकने पाऊल आणि स्विंग दोन्ही करायची एक पद्धत आहे, स्टिक मागे ओढून पुढे लोटायची. मुलाला ती फार आवडते, मला बटणच बरे वाटते.

मार्चअखेर बर्फ वितळला आणि मुलाचा सराव सुरू झाला. परतीच्या वाटेवर तो आता चेंजअपबद्दल बोलतो तेव्हा मी विचारते की हातातून सुटताना काही वेगळे दिसले का, आणि तो खरोखर आठवून उत्तर देतो. माझ्याकडे सध्या डावखुऱ्या पिचरचा स्लायडर आहे. उजव्या बॅटरला तो बाहेरून निघून आत, मागच्या पायाच्या दिशेने घुसतो, म्हणजे माझ्या डोळ्यांनी इतके महिने जे शिकले त्याच्या बरोबर उलट. कस्टम प्रॅक्टिसमध्ये तोच एक चेंडू लावून ठेवला आहे. काल रात्री तीसपैकी अकरांना खूण पोचली, त्यांतले चार चेंडू डाव्या भिंतीपर्यंत गेले, आणि झोनबाहेरचे नऊ चेंडू मी न मारता सोडले. वहीत हे तिन्ही आकडे लिहिले आणि टीव्ही बंद केला.